एक कान जंगलाकडे

तिला मी टाच मारली, ते अजून मनातून जात नाही.

दसरा होऊन पाच-सहा दिवस झाले होते. माथेरानच्या बाजारपेठेतून पॅनोरमा पॉइंटकडे जाणाऱ्या वाटेवर आम्ही तिघंच होतो. मी, बिजली नावाची कुमैत घोडी आणि तिचे मालक. त्यांना मी मामा म्हणत होते, ते मला ताई. सूर्य वर आला होता, पण झाडीत अजून पोचला नव्हता. दसऱ्याच्या पूजेला बिजलीच्या म्होरकीला बांधलेले झेंडू सुकून तपकिरी झाले होते. चालताना ते तिच्या कपाळावर घासत आणि त्यांचा उग्र वास मधूनच माझ्यापर्यंत येई. एका वळणावर ती थांबली. थांबली म्हणजे खिळलीच. मान वर, नाकपुड्या फुललेल्या, दोन्ही कान डावीकडच्या उताराकडे रोखलेले. खोगिराखालचा तिचा श्वास मघापासून माझ्या मांड्यांना जाणवत होता, तोही जाणवेनासा झाला. मला ऊन चढायच्या आत पॅनोरमावर पोचायचं होतं. "चल गं," म्हणत मी टाच दिली. लागली न लागली अशीच. मामा दबक्या आवाजात म्हणाले, "ताई, थांबा जरा. तिला दिसलंय कायतरी." पण टाच देऊन झाली होती. बिजलीने एक पाऊल उचललं, नाल दगडावर खणकन वाजला आणि खाली कारवीत काहीतरी वजनदार धडपडत उताराने गेलं. काड्या मोडल्याचा आवाज, मग पानांचा, मग काहीच नाही. लांब कुठेतरी एक वानर खकारलं आणि गप्प झालं.

"काय होतं मामा?"

"भेकर असंल. डुक्कर असंल. काय सांगावं." एवढं बोलून त्यांनी बिजलीच्या मानेवर हात ठेवला. तेव्हा माझं लक्ष तिच्या कानांकडे गेलं. डावा कान अजून उताराकडेच होता. उजवा मागे वळला होता, माझ्याकडे. खाली जे होतं ते अजून गेलं नाही की काय, हे ती एका कानाने ऐकत होती आणि वरच्या बाईचं आता काय म्हणणं आहे, हे दुसऱ्या. मला त्या क्षणी फार ओशाळल्यासारखं झालं. मी पाखरं आणि जनावरं बघायला म्हणून तिथे गेले होते, आणि त्या वाटेवर बघणं ज्याला खरोखर येत होतं, त्यालाच मी पुढे ढकललं होतं.

घोडा हा पळून जगलेला प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. कपाळासमोरची अगदी जवळची जागा आणि शेपटीमागची, तेवढी दिसत नाही. कान अर्ध्या वर्तुळात फिरतात, तेही वेगवेगळे. एक पुढे असताना दुसरा मागचं ऐकू शकतो. रंग मात्र त्याला आपल्यासारखे दिसत नाहीत, लाल आणि हिरव्यातला भेद त्याला नीट कळत नाही. म्हणजे माथेरान म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर येणारी तांबडी वाट आणि तिच्यावर वाकलेली हिरवी झाडी, हे बिजलीने कधी पाहिलेलंच नाही. तिच्यासाठी ती वाट म्हणजे पायाखाली कुठे घसरतं, कुठे दगड हलतो, कुठे काल नव्हतं असं काहीतरी आज आहे, याची वाट. हे सगळं मी आधी वाचलेलं होतं. पण ते आपल्या मांड्यांखाली जिवंत आहे आणि आपल्याला उचलून नेत आहे, हे वाचताना कळत नाही.

माथेरानला मी पहिल्यांदा घोड्यावर बसले तेव्हा चौथीत होते. दिवाळीची सुट्टी होती. आम्ही कल्याणला राहायचो. बाबांनी पहाटेची कर्जत लोकल धरून नेरळला आणलं आणि वर आल्यावर बराच वेळ घासाघीस करून एक घोडा ठरवला. एकच. मी घोड्यावर, आई आणि बाबा दोन्ही बाजूंनी चालत. त्या दिवसाचं मला सर्वांत स्पष्ट आठवतं ते म्हणजे बाबांचं डोकं. वरून मी ते आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. मधोमध केस विरळ झालेले, तिथे घामाचे थेंब, आणि एक जुनी, पांढरट खूण. ती कशाची, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही, नंतर राहून गेलं. बाबांना पाखरांतलं फार कळत नव्हतं. कावळा, चिमणी, पोपट आणि भारद्वाज, संपली यादी. पण भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, यावर त्यांचा पक्का विश्वास. शार्लट लेकच्या बाजूला, पिसरनाथाच्या देवळाकडे उतरताना झुडपात तांबूस पंखांचं काहीतरी सरकलं आणि बाबा वाटेतच थबकले. "बघ, बघ, भारद्वाज!" मी घोड्यावर असल्याने मला तो त्यांच्याआधी दिसला होता, झुडपाच्या वरून. लाल डोळा, काळं अंग आणि विटकरी पंख. पण मी सांगितलं नाही. त्यांनी दाखवलेला मला हवा होता.

त्या उंचीचं मला अजून अप्रूप आहे. चालताना आपण झुडपांना समोरून भेटतो. घोड्यावर बसलं की त्यांच्या माथ्यावरून बघता येतं, आणि झाडांच्या खालच्या फांद्या एकदम डोळ्यांसमोर येतात. त्या फांद्यांचं एक निराळंच जग आहे. जांभळाच्या एका आडव्या फांदीवर, माझ्या चेहऱ्यापासून दोन हातांवर, मला नाचण दिसला. शेपटीचा पंखा उघड, मीट, वळ, पुन्हा उघड. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पायी असते तर तो एवढा जवळ थांबला नसता. मी हे बऱ्याचदा अनुभवलंय की माणूस चालत आला की पाखरं उठतात, घोडा आला की नुसती सरकतात. चार पायांचं, चरणारं, वासाला ओळखीचं असं ते काहीतरी असतं आणि पाठीवरचा माणूस बहुधा त्यातच मोजला जातो. निदान त्याने मुकाट बसावं. मी मात्र मुकाट बसले नाही.

उंचीची किंमतही मोजावी लागते. पाऊस सरला की सह्याद्रीच्या रानवाटांवर मोठ्या रानकोळ्यांची जाळी आडवी ताणलेली असतात. काळ्यावर पिवळे पट्टे असलेली, पाय पसरले की तळहात झाकेल एवढी मादी जाळ्याच्या मध्यावर डोकं खाली करून बसलेली. पायी चालणाऱ्यांच्या डोक्यावरून ती जाळी जातात, घोडेस्वाराच्या बरोबर तोंडावर येतात. म्हणून मामा पुढे चालताना हातात एक लांब काठी उभी धरतात. ती जाळ्याला लागली की काठीने ते तोडायचं नाही, एका बाजूचा धागा हलकेच सोडवून कडेच्या फांदीला लावायचा. मी त्यांना असं तीनदा करताना पाहिलं. तिसऱ्या वेळी तिरपं ऊन आलं आणि तो धागा पिवळाधमक, अगदी जरीसारखा उजळला. मामांनी तो बोटावर घेऊन मला दाखवला. ओढून पाहिला तर आपल्या शिवणाच्या दोऱ्यापेक्षा चिवट. "पावसात इतकं नसतं हे," ते म्हणाले, "आता माश्या, फुलपाखरं लई झालीत ना. ही पोटभर खाणार, अंडी घालणार, न् मग संपणार." मादीच्या वर, जाळ्याच्या कडेला, तांबूस रंगाचा एवढासा नर होता. मामांनी दाखवला नसता तर मला ते कसपट वाटलं असतं.

शरद हा आपल्याकडे दुर्लक्षित ऋतू आहे. कवितांत तो चांदण्यापुरता येतो, कोजागिरीच्या आटीव दुधात थोडा. बाकी आपण त्याला 'ऑक्टोबर हीट' म्हणून मोकळे होतो. पण डोंगरावर हे पंधरा-वीस दिवस म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांची गाठ पडायचे दिवस. पावसात शीळकरी कस्तुराने सगळा डोंगर डोक्यावर घेतलेला असतो. पहाटेच्या अंधारात, धुक्यात, ओढ्याच्या खळखळाटावरून ती माणसासारखी, सूर सापडतो न सापडतो अशी लांबच लांब शीळ. ऑक्टोबरात तो दिसतो, पण गात नाही. त्या सकाळी एका कोरड्या पडत चाललेल्या ओहोळाच्या दगडावर तो बसला होता. सावलीत साधा काळा वाटला, मग खांद्यावर ऊन पडलं आणि तेवढाच निळा चमकला. एक बारीक, धारदार 'क्रीई' करून तो गेला. पिल्लं मोठी झाली, गाणं संपलं. त्याच ओहोळावर करडा धोबी आलेला होता. हा हिमालयाकडून आणि त्याही पलीकडून येतो, थंडीच्या पाहुण्यांत सगळ्यांत आधी पोचणाऱ्यांपैकी. पिवळं पोट, सतत वरखाली होणारी लांब शेपटी. म्हणजे एकाचं घर आवरून झालं आणि दुसरा नुकता सामान टाकून दारात उभा, अशी ती जागा होती. वर हिरड्याच्या शेंड्यात पर्णवटवट्याचं 'चिस्‌वीत, चिस्‌वीत' चाललं होतं. हे बोटभर पाखरू एवढा हिमालय मागे टाकून येतं आणि आल्या दिवसापासून असं कामाला लागतं, की जणू मधले महिने ते इथून हललंच नव्हतं. मला दरवर्षी ते पहिल्यांदा ऐकू आलं की घरचं कुणीतरी गावाहून परतल्यासारखं वाटतं. का, ते सांगता येत नाही.

घोड्यांच्या वाटेवर पाखरं जास्त का दिसतात, याचं उत्तर मला मामांनी दिलं. लीद. ताजी लीद पडली की घटकाभरात माश्या येतात, शेणकिडे येतात, आणि त्यांच्या मागोमाग पाखरं. आम्ही एका उतारावर थांबलो तेव्हा पुढच्या कुठल्यातरी घोड्याची लीद वाटेत पडलेली होती आणि एक काळा, चकचकीत शेणकिडा तिची गोळी करत होता. मागच्या पायांनी ढकलायचं, पुढच्यांनी जमीन रेटायची, आणि चढ आला की गोळीसकट उलटं घरंगळायचं. चार वेळा तो पडला. पाचव्यांदा एका मुळाला वळसा घालून गेला. वरच्या फांदीवर कोतवाल बसला होता आणि त्याची नजर लिदीवर उठणाऱ्या माश्यांवर होती. पर्यटक नाकाला रुमाल लावून या वाटांवरून जातात. वास येतो, उन्हाळ्यात लीद वाळून तिची धूळ होते आणि छातीत जाते, हेही खरं. इथे राहणाऱ्यांना ती धूळ बारा महिने झेलावी लागते, त्यांना मी पाखरांचं कौतुक ऐकवू शकत नाही. पण त्या वाटेवरचं अर्धं जीवन त्या लिदीवर चाललंय, हे पाहिल्यावर मलाही तिचा वास नकोसा वाटेना.

माथेरानच्या वेशीवरच्या दस्तुरी नाक्याच्या पुढे गाडी जात नाही, म्हणून हे सगळं टिकलं. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट हा डोंगर चढून आला आणि साहेबांची थंड हवेची जागा झाली. १९०७ साली नेरळहून छोटी रेल्वे वर आली. २००३ मध्ये सगळा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. आता ई-रिक्षा आल्या आहेत. माणसाने माणसाला हातरिक्षात बसवून ओढायचं हे थांबायलाच हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं, ते वाचून मला मनापासून बरं वाटलं. शाळेत जाणाऱ्या मुलांनी, आजारी माणसांनी का म्हणून पायपीट करावी? पण घोड्यांचं पुढे काय, हा विचार बिजलीच्या पाठीवर बसल्याशिवाय माझ्या मनात आला नव्हता. बाजाराजवळ पेव्हर ब्लॉक आहेत. तिथून जाताना बिजलीचा मागचा एक पाय किंचित सरकला. मामा काही बोलले नाहीत, फक्त तिला वाटेच्या मातीच्या कडेने घेतलं. मातीवर आल्याबरोबर तिच्या टापांचा आवाज बदलला. टक्‌टक् होता, तो धप्‌धप् झाला आणि तिची मान सैल पडली. माझीही, हे नंतर लक्षात आलं.

मला तिच्या पाठीवर बसून सुख झालं हे मी लपवत नाही, आणि ते सुख निर्भेळ नव्हतं हेही. माझं वजन ती वाहत होती. तिने मला बोलावलं नव्हतं. संध्याकाळी तबेल्यात तिला चंदी मिळते, खरारा होतो, मामा तिच्याशी घरच्या पोरीशी बोलावं तसं बोलतात, हे मी पाहिलं. खोगीर काढल्यावर तिच्या पाठीवर कुठे खरचटलेलं नाही, हेही मी मुद्दाम पाहिलं, कारण सगळ्या घोड्यांची पाठ अशी नसते. तरीही तिने दिवसभर काय केलं असतं, तिच्यावर सोडलं असतं तर? बहुतेक त्या वळणावर ती आणखी कितीतरी वेळ उभी राहिली असती.

पॅनोरमावर पोचेपर्यंत ऊन आलंच होतं. समोर पेबचा किल्ला, खाली नेरळची घरं आणि कड्याच्या कुशीत वळणं घेत गेलेली छोट्या रेल्वेची वाट. पठाराच्या काठाला सोनकी पिवळीजर्द फुलली होती आणि गवताची टोकं नुकती तांबूस व्हायला लागली होती. कड्याच्या खालून, म्हणजे आमच्या पायांच्याही खालून, एक सर्पगरुड घिरट्या घेत वर येत होता. वरून पाहताना पाठ दिसते, आणि मग तो आपल्या पातळीला येतो, मग पोट दिसतं आणि पंखांखालचा तो रुंद पांढरा पट्टा. तीन-चार वेळा त्याने लांबवर शीळ दिली. मी फोटो काढायला कॅमेरा बाहेर काढलाच नाही. मला सारखं वाटत होतं की आपण इथे जरा घाईने पोचलो आहोत. ज्याच्यासाठी घाई केली ते सगळं समोर होतं, आणि मन मागच्या वळणावर, मोडलेल्या कारवीपाशी होतं. काय असेल ते? भेकर असतं तर भुंकलं असतं का? वानर एकदाच का खकारलं? मामांनी बिबट्याचं नाव घेतलं नाही आणि मीही घेतलं नाही. पण 'काय सांगावं' म्हणताना ते माझ्याकडे न बघता उताराकडे बघत होते.

परतताना मी लगाम ढिला सोडला. "मामा, ते वळण आलं की सांगा."

"सांगाया कशाला लागतंय? तीच थांबंल," ते म्हणाले.

ती थांबली नाही. ते वळण आलं आणि बिजली मान हलवत, कान दोन बाजूंना सैल टाकून तशीच पुढे निघाली. तिच्या लेखी तिथे आता काही नव्हतं. मीच मामांना थांबायला सांगितलं. त्यांनी बिजलीला कडेला घेतलं आणि स्वतः एका दगडावर टेकले. का, असं त्यांनी विचारलं नाही. कारवीत एका जागी दोन-तीन काड्या मोडून आत वाकल्या होत्या, त्यांची पानं अजून टवटवीत होती. तेवढंच. जांभळाच्या वरच्या फांद्यांतून शेकरूने करकरत ओरडायला सुरुवात केली. मी मान वर केली, तर झुबकेदार शेपूट एका फांदीवरून दुसरीवर गेली आणि पानं हलत राहिली. दहा मिनिटं झाली असतील. बिजलीने लीद टाकली. थोड्या वेळाने कुठून कोण जाणे, धोबी आला. तो वाटेवर उतरला, शेपटी वरखाली करत तिच्या मागच्या पायांपाशी गेला, आणि मग पोटाखालून, माझ्या रिकिबीच्या सावलीतून तुरुतुरु पुढे पळाला. माशी टिपली. थांबला. पुन्हा पळाला.

बिजलीने खाली पाहिलं नाही. तिचा एक कान तेवढा त्याच्याबरोबर मागून पुढे फिरत गेला. दुसरा माझ्याकडे होता. मी काही म्हणाले नाही. थोड्या वेळाने तो कानही फिरला, आणि ती आपली आपण चालायला लागली.